गंधकाच्या रेघेने खुराडं राखलं जात नाही

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. खुराड्याभोवती गंधक आणि डांबरगोळ्यांची रेघ ओढा, कोपऱ्यात कार्बोलिक अ‍ॅसिडची बाटली उघडी ठेवा, मासेमारीचं जुनं जाळं गुंडाळा, आणि तरीही धामण दिसलीच तर मारा, कारण कोंबड्यांची खरी वैरीण तीच. कोकणात परसदारी चार कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलंय, आणि यातला एकही सल्ला पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गंधक आणि डांबरगोळ्या. साप जिभेने हवेतले कण टिपून वास घेतो हे खरं, पण या वासाने तो अडत नाही. दोन्ही वस्तू वापरून चाचण्या झाल्या आहेत, साप त्यांच्यावरून गेले. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूड मृगातच वाहून जाणार. मागे उरते ती डांबरगोळी. पिल्लं दिसेल त्यावर चोच मारतात, आणि ती गोळी त्यांना विषारी असते. कार्बोलिक अ‍ॅसिडने तर कातडी भाजते, कोंबडीची आणि घरातल्या पोरांचीही.

जाळ्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण बंदरावर जुनं नायलॉन जाळं सहज मिळतं आणि लोक ते खरोखर लावतात. साप आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, डोकं घालतो, अंग जाड व्हायला लागलं की अडकतो. खवले मागे वळलेले असल्यामुळे त्याला मागे सरता येत नाही, म्हणून तो पुढे रेटतो आणि दोरा खवल्यांखाली रुतत जातो. सर्पमित्राला एकेक धागा कापून तो सोडवावा लागतो. बरेचदा तोवर साप मेलेला असतो. आणि मेला नसेल तर? पहाटे अंधारात अंडी काढायला गेलेल्या बाईच्या हाताशी जखमी, चिडलेला नाग असतो.

कोंबड्यांची म्हणून मिळणारी षट्कोनी जाळीही पुरत नाही. इंचभर भोकातून बारकी धामण आरामात आत जाते, अंडं गिळते आणि फुगलेल्या पोटामुळे परतताना त्याच भोकात अडकते. अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा, पिल्लं असतील तर पाव इंची. ती वीतभर जमिनीत पुरा. दाराखालची फट बंद करा. खुराडं गडग्याला टेकून असेल तर आधी ते हलवा, कारण नुसत्या रचलेल्या चिऱ्यांच्या पोकळीत उंदीर आणि साप दोघांचंही बस्तान असतं. फाटी (जळाऊ लाकडं) आणि पेंढाही लांब रचा.

आता धामण. ती पिल्लू उचलते, अंडंही खाते; हे नाकारायचं कारण नाही. पण तिचं मुख्य खाणं उंदीर आहे. अंडी गिळताना खुराड्यात नागही सापडतो, आणि धामण मारून वाढलेले उंदीर त्याला आणखी जवळ बोलावतात. संध्याकाळी सांडलेली कणी आणि कोंडा झाडून काढला तरी उंदरांची ये-जा बरीच कमी होते. आणि कायदा माहीत असू द्या: वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर धामण, नाग आणि घोणस तिघेही अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. मारणं गुन्हा आहे.

साप आत दिसलाच तर काठीने डिवचू नका. लांबून नजर ठेवा आणि गावातल्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रात्री बॅटरी मारल्याशिवाय खुराड्यात हात घालायचा नाही. चावा झालाच तर दोरी बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका, हात-पाय स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते तिथे मिळतं.