सरासरी 31, पण 31 पडला कुठं?

लातूर-नांदेडकडच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नववीतली वर्गीकृत वारंवारता सारणी काढून टाका. सरासरी पुरते. वर्ग पाडले की मूळ आकडे हरवतात, वर्ग कसेही पाडता येतात, आणि ताळ्याच्या खुणा मारायला एक्सेल आहेच.’ ही सारणी म्हणजे आकड्यांचे गट (वर्ग) पाडून कोणत्या गटात किती आकडे येतात ते मांडणारा तक्ता.

सरासरी पुरते? समजा, दहा महसूल मंडळांत (काही गावं मिळून एक मंडळ) एका दिवसात इतके मिलिमीटर पाऊस झाला: 3, 5, 8, 12, 0, 6, 92, 110, 4, 70. बेरीज 310, सरासरी 31. ऐकणारा म्हणेल, झकास, वापसा आला की तिफण धरा. आता 20-20 चे वर्ग पाडा. 0-20 मध्ये सात मंडळं. 60-80, 80-100 आणि 100-120 मध्ये एकेक. सरासरी ज्या 20-40 च्या वर्गात बसते, तिथं एकही मंडळ नाही! सात ठिकाणी ढेकूळसुद्धा फुटलेलं नाही, तीन ठिकाणी बांध फुटलेत.

मूळ आकडे हरवतात, हे कबूल. वर्गमध्य धरून सरासरी काढली तर 31 ची 34 होते, कारण 0-20 मधल्या सातही मंडळांना आपण 10 मोजतो. पण मूळ यादी फाडून टाका, असं कुणी सांगितलंय? दहा आकडे नजरेत मावतात, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या शेकडो मंडळांचे मावत नाहीत.

‘वर्ग कसेही’ हा तर सगळ्यात कच्चा मुद्दा. काय शोधायचंय त्यावरून वर्ग ठरतात. अतिवृष्टीची रेघ 65 मिमीवर आहे. 60-80 असा वर्ग केला की 62 आणि 70 एकाच खणात जातात, पंचनामा कुठं करायचा ते सारणीतून दिसतच नाही. म्हणून वर्गमर्यादा 65 वर आणायची. वर्ग सारखेच हवेत असंही नाही: कृषी गणनेत जमीनधारणेचे गट 1 हेक्टरच्या आत, 1-2, 2-4, 4-10 आणि 10 च्या वर असे आहेत.

राहिलं एक्सेल. पुस्तकातल्या असमावेशक पद्धतीत वर्गाच्या वरच्या मर्यादेइतका आकडा पुढच्या वर्गात जातो. एक्सेलचं फ्रीक्वेन्सी सूत्र तो खालच्याच वर्गात मोजतं. अतिवृष्टीचा निकष ‘65 मिमीपेक्षा जास्त’ असा आहे. म्हणजे इथं एक्सेलची मोजणी जुळते आणि पुस्तकातली पद्धत डोळे झाकून लावली, तर बरोब्बर 65 चं मंडळ उगाच अतिवृष्टीत जातं. ‘65 किंवा जास्त’ असा निकष असता तर नेमकं उलट झालं असतं. आणि तो निकष काय, हे एक्सेल विचारत नाही.