‘पर्ज कमी करा, डिझेल वाचवा’ : त्या मेसेजचा एकेक मुद्दा

बॉयलरवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातला एक तर माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. मथळा ‘बर्नरच्या ट्रिपिंगपासून कायमची सुटका’. सल्ले थोडक्यात असे : पर्जचा (बर्नर पेटवण्याआधी ब्लोअरने हवा मारून भट्टीत साचलेला गॅस बाहेर काढण्याचा) वेळ ४० सेकंदांवरून १० वर आणा, डिझेल वाचेल. ब्लोअरची हवा येतेय का ते बघणाऱ्या एअर प्रेशर स्विचला जंपर मारा, म्हणजे वायरीचा तुकडा जोडून तो कायम ‘चालू’ दाखवा. इग्निशनला ५ ऐवजी १५ सेकंद द्या. ज्योत बघणारा फोटोसेल नाटकं करत असेल तर त्याला बॅटरीचा उजेड दाखवा. लॉकआउट आला (कंट्रोलरने बर्नर बंद करून अडवून ठेवला) तर बर्नर लागेपर्यंत रिसेट दाबत राहा. आणि घाबरू नका, कारण कंपनीची सेटिंग युरोपातल्या थंडीसाठी असते.

आधी डिझेलचं बघू, कारण मालकांना तेच पटतं. पर्जमध्ये डिझेल जातं हे खरंच आहे. ब्लोअर गार हवा गरम बॉयलरमधून फिरवतो आणि ती हवा उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. पण जातं किती? ताशी दोन टन वाफेचा बॉयलर धरा. पूर्ण लोडवर तासाला साधारण १३० लिटर डिझेल. एवढ्या डिझेलला लागणारी हवा ४० सेकंद वाहिली तर ती होते २१ किलोच्या आसपास. ती ३० अंशांची आत गेली आणि १५० ची बाहेर पडली, तर गेलेली उष्णता ७०-७५ मिली डिझेलची. चहाचा एक कप. पर्ज दहा सेकंदांवर आणून वाचतात पन्नासेक मिली, म्हणजे दिवसाला तीस स्टार्ट धरले तरी दीड लिटर.

आता त्या दहा सेकंदांत काय होतं ते बघा. याच बॉयलरची भट्टी, नळ्या आणि स्मोक बॉक्स (धूर चिमणीत जाण्याआधीचा कप्पा) मिळून ३ घनमीटर धरू. चाळीस सेकंदांत ब्लोअर १८ घनमीटर हवा टाकतो, म्हणजे आतली हवा सहा वेळा बदलते. दहा सेकंदांत जेमतेम दीड वेळा, तेही डँपर (हवेची झडप) उघडायला आणि ब्लोअर वेग घ्यायला लागणारा वेळ न मोजता. अमेरिकेचं एनएफपीए ८५ हे मानक फायर ट्यूब (नळ्यांतून धूर जाणाऱ्या) बॉयलरला निदान चार आणि वॉटर ट्यूबला (नळ्यांत पाणी असणाऱ्याला) आठ वेळा हवा बदलायला सांगतं. भट्टीत साचलेला गॅस काय करतो ते १ फेब्रुवारी १९९९ ला मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला दिसलं. फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याच्या वीजघरात, दुरुस्तीसाठी बंद करायला घेतलेल्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायू शिरला आणि स्फोट झाला. सहा कामगार गेले.

डिझेल खरंच वाचवायचं असेल तर दिवसाला तीस स्टार्ट का होतात ते विचारा. वाफेच्या प्रेशर स्विचचा कट-इन (बर्नर सुरू होण्याचं प्रेशर) आणि कट-आउट (बंद होण्याचं) एकमेकांना चिकटवून ठेवलेला असतो, नाहीतर पाच टनांचा बर्नर दोन टनांच्या लोडवर बसवलेला असतो. तिथे हात घाला. स्टार्ट निम्मे झाले की पर्जचा खर्चही आपोआप निम्मा.

एअर स्विचचा जंपर. मेसेज लिहिणाऱ्याने तो स्वतः कधी मारून पाहिला नसावा. बर्नर क्रमाने चालवणारे बहुतेक सिक्वेन्स कंट्रोलर सुरू होण्याआधी बघतात की ब्लोअर बंद असताना स्विच ‘हवा नाही’ सांगतोय का. कायमचा जंपर असेल तर बर्नर सुरूच होणार नाही. मग आपले हुशार लोक ब्लोअरच्या काँटॅक्टरवरून (मोटरला वीज देणाऱ्या स्विचवरून) रिले घेऊन कंट्रोलरला फसवतात. एका दुधाच्या प्लांटमध्ये मी हे बघितलं. वायरिंग इतकं सुबक की मनातल्या मनात दाद दिली. पण आता काँटॅक्टर ओढला की कंट्रोलर समजणार हवा आली, मग ब्लोअरचा बेल्ट तुटलेला का असेना. मूळ दोष काय होता? स्विचकडे जाणारी बारीक नळी काढली, तर टोकाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. सायकलच्या स्पोकने टोकरलं, चिमूटभर माती पडली. दहा मिनिटांचं काम.

इग्निशनचे सेकंद हा मला त्या मेसेजमधला सगळ्यात भयंकर सल्ला वाटतो. इंधनाचा वाल्व उघडल्यापासून ज्योत दिसेपर्यंतचा हा वेळ आहे. या वेळात ज्योत दिसली नाही तर आत गेलेलं सगळं न जळलेलं. डिझेलला हा वेळ साधारण ५ ते १० सेकंद असतो, गॅसला बहुधा ३ किंवा ५. हाच बॉयलर गॅसवर असेल तर पूर्ण लोडला तासाला १४० घनमीटर गॅस लागेल. स्टार्टला त्याच्या एक तृतीयांश धरा : सेकंदाला १३ लिटर. दहा जादा सेकंदांत १३० लिटर. नैसर्गिक वायू हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो, म्हणजे १३० लिटर गॅस सव्वा घनमीटरच्या वर स्फोटक मिश्रण करू शकतो. या बॉयलरची फर्नेस ट्यूब पाऊण मीटर व्यासाची आणि तीन मीटर लांब धरली तर तिच्यात मावते जेमतेम १.३ घनमीटर हवा. अकराव्या सेकंदाला ठिणगी पडली तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. बर्नर पाच सेकंदांत लागत नसेल तर इलेक्ट्रोडमधलं अंतर, नोझल, गॅसचं प्रेशर बघा.

फोटोसेलला बॅटरी दाखवायची युक्ती जुनी आहे, आणि तीही नीट चालत नाही. पर्ज चालू असताना ज्योतीचा सिग्नल आला तर कंट्रोलर त्याला खोटी ज्योत समजतो आणि लॉकआउटवर जातो. म्हणून बॅटरी नेमकी वेळ साधून दाखवावी लागते. म्हणजे एक माणूस बर्नरला तोंड लावून बसणार, तेही नेमका पेटण्याच्या क्षणी! काजळी धरलेली काच मऊ फडक्याने पुसली तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. यूव्ही ट्यूबची, म्हणजे ज्योतीचा अतिनील उजेड ओळखणाऱ्या सेन्सरची गोष्ट निराळी. ती जुनी झाली की ज्योत नसताना ‘आहे’ म्हणू लागते. म्हणून स्वतःची तपासणी न करणाऱ्या यूव्ही सेन्सरचा बर्नर चोवीस तासांत एकदा तरी बंद करून सुरू करायचा असतो. ती बिघडली तर बदलायचीच.

युरोपच्या थंडीचं काय? पर्ज ठरतो भट्टीच्या आकारावरून आणि ब्लोअरच्या हवेवरून. बाहेर बर्फ आहे की नागपूरचा मे महिना, याचा त्याच्याशी संबंध नगण्य. उलट कोकणातल्या पावसाळ्यात आयोनायझेशन रॉडची (ज्योतीत राहून ती आहे का ते ओळखणाऱ्या सळईची) केबल ओली होऊन सिग्नल गळतो, तिथे आपल्या हवेचा खरा त्रास आहे. त्याला उपाय कोरडी केबल आणि धड इन्सुलेटर.

रिसेटबद्दल एवढंच : प्रत्येक फसलेला स्टार्ट भट्टीत थोडं डिझेल टाकून जातो. ते गरम विटांवर पडून वाफ होतं. चिमणीतून किंवा पीपहोलमधून पांढरा धूर दिसला तर तो त्याचाच असतो, आणि तेव्हा रिसेटला हात लावायचा नाही. मी दोन रिसेटनंतर थांबतो. तिसऱ्याच्या आधी इंधनाचा वाल्व हाताने बंद.

मेसेजच्या शेवटी एक टोमणा आहे, की कंट्रोलरची सेटिंग बदलायचा पासवर्ड कंपनीने सर्व्हिसचे पैसे उकळायला ठेवलाय. काही इंजिनियर पासवर्डच्या नावाखाली अवाच्या सवा बिल लावतात, हे मी नाकारत नाही. पण कमिशनिंगच्या (बर्नर पहिल्यांदा बसवून चालू करण्याच्या) वेळी ठरलेल्या आकड्यांचा कागद मागून घ्यायला पासवर्ड लागत नाही. तो कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला असावा. त्या दुधाच्या प्लांटमध्ये तो होता. छापलेल्या ४० वर पेन्सिलीने काट मारून १२ लिहिलं होतं. तारीख नाही, सही नाही. शिफ्टमधल्या तिघांना विचारलं, तिघांनीही आधीच्या शिफ्टचं नाव घेतलं.