तीन तक्रारींत बंद, सोळाशेंत चालू

लंडनच्या मराठी मंडळींत तनिष्कच्या जाहिरातीचा विषय अजूनही निघतो. मुस्लिम सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवणारी ती जाहिरात कंपनीने विरोधाच्या गदारोळानंतर ऑक्टोबर २०२०मध्ये मागे घेतली. कुणी म्हणतं, दणका बसला ते बरं झालं. कुणी म्हणतं, इकडे असलं काही होत नाही. हे दुसरं साफ चूक. ब्रिटनमध्ये जाहिराती सर्रास बंद होतात, आणि त्यासाठी फार माणसंही लागत नाहीत.

ऑगस्ट २०१९मध्ये फोक्सवॅगनच्या ई-गोल्फ या विजेवरच्या गाडीची टीव्हीवरची जाहिरात बंद झाली. तक्रारी किती? तीन. पुरुष अंतराळात तरंगतायत, कृत्रिम पाय लावलेला खेळाडू लांब उडी मारतोय आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसलीय, एवढंच. साचेबंद स्त्री-पुरुष भूमिकांविरुद्धचा नियम त्याच जूनमध्ये आला होता, त्यात ती अडकली. उलट २००५मध्ये केएफसीच्या जाहिरातीवर १,६७१ तक्रारी आल्या. कॉल सेंटरमधल्या बायका तोंडात घास धरून गातात, मुलं तेच शिकतील, असं लोकांचं म्हणणं. ती चालूच राहिली. एएसए ही इथली नियामक संस्था डोकी मोजत नाही. कोणतं कलम मोडलं ते बघते आणि निकाल कारणांसकट दर बुधवारी जाहीर करते. पटला नाही तर २१ दिवसांत फेरतपासणी मागायची.

खरी कात्री मात्र त्याआधीच चालते. चॅनेलांसाठी जाहिराती तपासणारी क्लिअरकास्ट ही संस्था आधी लिहिलेली स्क्रिप्ट बघते, मग तयार फिल्म. प्रत्येक जाहिरातीला क्लॉक नंबर असतो. त्यातले शेवटचे तीन आकडे म्हणजे सेकंद, ०३० म्हणजे अर्धं मिनिट. त्या नंबराला मंजुरी नसेल तर मोठी चॅनेल सहसा हात लावत नाहीत. २०१८ची आइसलँड सुपरमार्केटची पामतेलाविरुद्धची नाताळची जाहिरात इथेच अडली. फिल्म मुळात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेची होती आणि २००३च्या कायद्याने राजकीय उद्देशाच्या संस्थेची जाहिरात टीव्ही-रेडिओवर चालत नाही. पामतेलापायी जंगल गमावणाऱ्या ओरांगउटान वानरांची बाजू घेतली म्हणून बंदी, ही तेव्हाची बोंब खोटी. कायदा मला जाचक वाटतो, पण निदान तो छापलेला आहे.

भारतात जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय ही संस्था १९८५पासून आहे आणि तिच्या संहितेला केबल टीव्हीच्या नियमांचा आधारही आहे. तनिष्कविरुद्धची तक्रार तिच्याकडे गेलीच होती. संहितेचा भंग नाही, असा निकाल लागला. तोवर जाहिरात उतरली होती. कंपनीने कारण दिलं ते दुखावलेल्या भावनांचं आणि कर्मचारी व दुकानांतल्या लोकांच्या सुरक्षिततेचं. गांधीधामच्या दुकानावर तर गुजरातीत माफीची चिठ्ठी लागली. निकाल बाजूने लागूनही जाहिरात परत आली नाही. म्हणून ‘तिकडे एएसएसारखी संस्था काढा’ हा आपल्या मंडळींचा आवडता तोडगा मला पोकळ वाटतो. संस्था आहे. दुकानाच्या दारात बंदोबस्त ठेवायचं काम पोलिसांचं, ते एएससीआयने कुठून करायचं?