फॉर्मवाले काका

एरवी वर्षभर मी सोसायटीच्या लेखी 'तिसऱ्या मजल्यावरचे, मेंटेनन्सच्या हिशेबात खुसपटं काढणारे' असतो. जूनच्या मध्यावर सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो आणि मी रातोरात 'काका' होतो. दाराशी चपला वाढतात. ज्यांनी गणपतीच्या वर्गणीवरून माझ्याशी अबोला धरलेला असतो, तेही मुलाला पुढे करून 'नमस्कार कर काकांना' म्हणतात.

माझी पात्रता म्हणाल तर बी.कॉम. नोकरी बँकेत. इंजिनिअरिंग कॉलेजात पाऊल ठेवलं ते बढतीच्या परीक्षेचं केंद्र तिथं आलं होतं म्हणून, आणि तिथलं आठवतंय ते फक्त डोक्यावरचा बंद पंखा. पण पुतण्याच्या प्रवेशाच्या वेळी कटऑफची पीडीएफ उघडून बसलो आणि जीव रमला. इतरांना त्या पानांकडे बघून घेरी येते. 'जीओपीईएनएस' म्हणजे जनरल, ओपन, स्टेट लेव्हल. 'एलओपीईएनएच' म्हणजे लेडीज, ओपन, होम युनिव्हर्सिटी. आयुष्यभर दुसऱ्यांची खतावणी वाचणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर याहून चांगलं वाचायला काय मिळणार? पुतण्या लागला, आणि मी गावभर झालो.

येणारा प्रत्येक बाप पर्सेंटाईल सांगतो तो दशांशचिन्हापुढच्या सातही आकड्यांसकट. ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवायला बायकोकडे बघावं लागतं, ते 'त्र्याण्णव पॉइंट चार पाच सात आठ...' असं न अडखळता म्हणतात. मी वहीत नुसतं 'त्र्याण्णव' लिहिलं की चेहरा पडतो. "काका, पुढचं राहिलं." आणि मग शिफ्टचा विषय निघतोच. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशी चालते. त्यातली सर्वांत अवघड शिफ्ट नेमकी माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाच मिळते. सोपी शिफ्ट मिळालेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

एका घरी आजोबांनी त्र्याण्णव टक्केच समजून पेढे वाटले होते. मी त्यांना समजावलं, की याचा अर्थ शंभरातली त्र्याण्णव मुलं आपल्या नातवाच्या मागे आहेत; गुण म्हणाल तर दोनशेपैकी शंभराच्या आसपास असतील. आजोबा थोडा वेळ पेढ्याच्या बॉक्सकडे बघत राहिले. मग म्हणाले, "निम्मे मार्क मिळवून हा पुढे, तर मागचे त्र्याण्णव काय करत होते?"

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्या आठवणीनं मला अजून ॲसिडिटी होते. 'नॉन क्रिमीलेयर आहे का?' असं विचारलं की उत्तर येतं, "आहे ना, लॅमिनेट करून ठेवलंय." त्याची मुदत कधीच संपलेली असते. जात वैधता प्रमाणपत्र मागितलं तर आत्याच्या मुलाचं निघतं. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि आईला विचारावं तर ती म्हणते, "घरी तर मला तिसऱ्याच नावानं हाक मारतात." मग तहसील, सेतू, महा ई-सेवा केंद्र. असो.

खरा प्रकार पुढे आहे. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. मोकळी जागा दिसली आणि मराठी माणसानं ती सोडली, असं होत नाही. एका गृहस्थांनी नाशिकच्या मुलासाठी पार गोंदियापर्यंत सगळं भरून आणलं होतं.

"तिकडे लागला तर पाठवणार?"

"छे! पण जागा होती ना."

या फॉर्मचं गुपित अगदी साधं आहे. संगणक तुमचा पहिला पर्याय बघतो, तुमच्या क्रमांकाला तिथं जागा असेल तर देतो, नसेल तर दुसऱ्यावर येतो. अवघड कॉलेज वर लिहिल्यामुळे खालचं हुकत नाही. म्हणून जे सर्वांत हवं ते वर, त्याहून कमी हवं ते त्याखाली. एवढंच. पण हे एवढंच कुणाच्या गळी उतरत नाही. लोक जे मिळेल असं वाटतं ते वर लिहितात आणि जे हवं असतं ते संकोचानं चौदाव्या नंबरवर. एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "इतकं मोठं कॉलेज पहिलं लिहिलं, तर त्यांना आगाऊपणा नाही का वाटणार?"

त्यात २०२५ च्या प्रवेशांपासून नियम आणखी कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तेच. मग घ्या नाहीतर सोडा, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. आधी पहिली ओळ सोडली तर 'लिहून तर ठेवू, मग बघू' चालायचं. आता वरच्या ओळींवर लिहिलेलं खरोखर हवं असावं लागतं, आणि आपल्याला काय हवं हा प्रश्न आपल्या घरांत कुणी कुणाला सवय नसताना विचारला की काय होतं, ते मी माझ्या सोफ्यावर बसून बघतो.

गेल्या वर्षीचं ते कुटुंब बघा. मुलगी, आई, वडील, पुण्याचा मामा आणि आजी. मुलीला ९८ च्या वर पर्सेंटाईल. वडिलांचं सातपूरला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. आजी गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत, मांडीवर मोबाईल, बहुधा कीर्तन ऐकायला आणलेला. मामा आयटीत. अशा बैठकीत मामा आयटीतला असणं हा नियमच आहे.

"कॉम्प्युटर," मामा म्हणाला. "नाही तर आयटी. नाही तर एआय डेटा सायन्स. नाही तर ते..." आणि त्यानं यादीतून एक शाखा वाचली, ती जशीच्या तशी देतो: कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी. आई म्हणाली, "लग्नपत्रिकेत मावायचं नाही हे."

मी मुलीकडे वळलो. "तुला काय हवंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पंगतीत बसलेल्यांना सोडून वाढप्याला 'तू जेवलास का' विचारलं.

"सिव्हिल," ती म्हणाली. "पुण्याच्या सीओईपीला."

शांतता. आईनं पदर तोंडाला लावला. वडील म्हणाले, "उन्हात उभं राहायचंय का तुला? मी राहतोय तेवढं पुरे नाही?" मामा नुसता हसला. पॅकेजवाले हसतात तसा.

मुलगी म्हणाली, "पूर आला की अख्खं नाशिक गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. पण गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडायचं आणि कधी, ते कुणीतरी आधी ठरवलेलं असतं ना? मला ते ठरवायला शिकायचंय."

इतकी वर्षं मीही रामकुंडावर जाऊन मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी बघतो आणि घरी येऊन सांगतो. ते ठरवणारं कुणी असतं आणि त्याचं शिक्षण असतं, हे डोक्यात आलं नव्हतं. मी मारे इतिहास काढला. म्हटलं, अहो, पुण्याचं ते कॉलेज १८५४ साली सुरूच झालं ते सार्वजनिक बांधकामाला माणसं तयार व्हावीत म्हणून. विश्वेश्वरय्या तिथलेच.

"विश्वेश्वरय्यांना पॅकेज किती होतं?" मामानं विचारलं.

मी पाणी प्यायलो.

मग वडिलांनी हिशेब काढला. २०२४ च्या जुलैत सरकारनं निर्णय केला, की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्यांच्या मुलीला हे लागू होत होतं. मला वाटलं, चला, आता बाप निर्धास्त होऊन मुलीला हवं ते घेऊ देईल. वडील म्हणाले, "फी माफच आहे, तर महागातलं घे की! माफी मिळून सिव्हिल घेतलं तर सरकारचाच फायदा."

या युक्तिवादाला तोड नाही. मी बँकेत असतो तर त्यांना कर्ज दिलं असतं.

त्यानंतर जागावाटपाची बोलणी सुरू झाली. पहिला नंबर कुणाचा यावर अडलं. सिव्हिल यादीत घ्यायला मामा तयार झाला, पण सातव्या क्रमांकावर. कारण तिसऱ्या फेरीपर्यंत पहिले सहाच पर्याय आपोआप फ्रीझ होतात, हे त्यानं मी सांगितल्यावर दोन मिनिटांत ताडलं. पोरीच्या विरुद्ध जायचं असलं की नियम कसे झटकन कळतात! मुलगी पहिल्यावर ठाम. आईनं तिसरा सुचवला. आया नेहमी तिसरा सुचवतात. वडील 'दुसरा, पण वर कॉम्प्युटर' इथपर्यंत आले आणि चहा मागून थांबले. मी लॅपटॉपवर पर्याय वर-खाली करत होतो. सिव्हिलनं तासाभरात जेवढे चढउतार पाहिले तेवढे शेअर बाजारानं वर्षभरात पाहिले नसतील.

"अहो, तुम्ही तरी सांगा तिला," वडील शेवटी मला म्हणाले. "तुम्ही यातले जाणकार."

खरं सांगायचं तर जाणकार वगैरे मी नव्हे. मला कोड वाचता येतात. कोणत्या शाखेला चार वर्षांनी काय भाव असेल हे मामालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. मामा फक्त जास्त मोठ्यानं बोलतो. मी तेवढं न म्हणता म्हणालो, "पहिल्या ओळीवर तिलाच लिहू द्या. तिथं राहायचंय तिला." आणि लॅपटॉप मुलीकडे सरकवला.

तिनं सिव्हिल सर्वांत वर नेलं. सेव्ह केलं. कन्फर्म दाबलं. पडद्यावर चौकोन आला: ओटीपी टाका.

वडिलांनी लगेच शर्टाच्या खिशाला हात लावला. चेहऱ्यावर मला ओळखीचा भाव. बापाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, हा प्रवेशप्रक्रियेतला अलिखित नकाराधिकार आहे. त्या आकड्यांवर अख्खी यादी फिरवलेले बाप मी पाहिलेत. त्यांनी फोन बाहेर काढला, चष्मा वर केला. काहीच आलेलं नव्हतं. फोन हलवून बघितला. खिडकीत जाऊन बघितला.

टुंग असा आवाज आला तो आजीच्या मांडीवरून.

नोंदणी केली तेव्हा वडिलांचं रिचार्ज संपलेलं होतं, म्हणून आजीचा नंबर दिला, असं मुलगी म्हणाली. रिचार्ज खरंच संपलं होतं का, हे मी विचारलं नाही. वडीलही आठवायला लागले आणि मध्येच थांबले.

"आई, इकडे दे," वडील हात पुढे करून म्हणाले.

आजीनं फोन पदराखाली घेतला. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. "साहेब," ती मला म्हणाली, "ती पुराचं म्हणाली, ते कोणतं कॉलेज? वरचं का खालचं?"

"वरचं," मी म्हणालो. "पहिलं."

"हां." आजीनं फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. चौथ्या आकड्याशी मामा 'अहो आत्या, जरा थांबा तरी' म्हणाला, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेवढ्यात वेळ संपली. रिसेंड करावा लागला. दुसऱ्या खेपेला कुणी मध्ये बोललं नाही.

फॉर्म कन्फर्म झाला. मुलीनं प्रिंट काढली, वडिलांनी ती घडी करून ठेवली, मामानं पुण्याची बस किती वाजता आहे ते विचारलं. सगळे चपला शोधायला लागले. आजी मात्र खुर्चीतच.

"साहेब, एकूण राउंड किती म्हणालात?"

"चार."

"म्हणजे अजून तीनदा लागेल हा," आजी फोनकडे बघत म्हणाली, आणि लेकाकडे वळली. "चार्जर कुठंय रे माझा?"