उंबऱ्यावरचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला. इथं इंग्लंडमधल्या स्लावमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे सोलापुरात रात्रीचे अकरा. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही.

"ताई, ह्येनी बोलंनात ओ. तीन आठवडं झालं."

माझा मामेभाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहे. टॉवेलचा माग, बरीच वर्षं रातपाळी. वहिनी घरी विड्या वळते. फोनवर बोलतानाही तिचे हात चालूच होते, पान कातरण्याचा तो बारीक करकर आवाज मला ऐकू येत होता. हजार विड्यांचा हिशोब सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये द्यायचा असतो, त्याला नवऱ्याचं दुखणं चालत नाही. भाऊ भिंतीकडं तोंड करून पडून होता. कामावर जाणं बंद, जेवण नावापुरतं. एका खासगी डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. शेजारणीच्या सांगण्यावरून एका बुवाकडं दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यात वहिनीची अंगठी गहाण पडली होती. एवढं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या तिकडं म्हणं असल्याचं फुकट बघतेत. कुणाला तरी विचारा की."

त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. सात हजार किलोमीटरवरच्या माणसाला ती विचारत होती, आणि तिच्या घरापासून सिव्हिल हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर होतं. तिची दोन्ही बाळंतपणं सिव्हिललाच झालेली. तिथं मानसोपचाराची ओपीडी असते, नाममात्र पैशांत केसपेपर निघतो, हे तिला कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. सोलापुरात जन्मले, शिकले, आणि ही एवढीशी गोष्ट शोधायला मला इथं बसून दोन संध्याकाळ लागल्या.

त्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला. भावाचं नाव न घेता मी एवढंच लिहिलं होतं, की घरातल्या माणसाचं मन आजारी पडलं तर मोफत मदत मिळते, ती घ्यावी. एक काका लगेच म्हणाले, हे तिकडचं फॅड आहे. तिकडं माणसाला माणूस नाही म्हणून पैसे देऊन ऐकणारा लागतो, आपल्याकडं घर आहे, शेजार आहे, कट्टा आहे. दुसऱ्या बाजूनं पुण्यातल्या एका भाचीनं लिहिलं, की भारतात या बाबतीत काहीच नाही, सगळं परदेशातच. दोघंही मनापासून बोलत होते. मी दोन्हीकडं राहिले आहे, आणि मला दोघांचंही पटत नाही.

काकांचं आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. भाऊ पडून होता तेव्हा वहिनीच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या शेजारणीनं थापल्या. पोरांना शाळेत कोण सोडणार, हे कुणाला विचारावं लागलं नाही. इथं माझ्या रस्त्यावर कुणी महिनाभर दिसलं नाही तरी कुणी दार वाजवणार नाही. पण तीच शेजारीण बुवाकडं घेऊन गेली, हेही खरं. आणि घर म्हणजे ऐकणारं माणूस असंच काही नसतं. सासूबद्दल मनात साचलेलं सासूसमोर कसं बोलणार? नवऱ्याच्या दारूबद्दल दिराला सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत नीलम नगरच्या टोकापर्यंत पोचतं. घरच्यांची माया पोटभर असली तरी काही गोष्टी बाहेरच्याच माणसापाशी बोलता येतात.

आता भाचीचं. काहीच नाही, हे साफ चूक आहे. भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचं काम १९९६ मध्ये सुरू झालं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या व बेघर माणसांना ते मोफत मिळाले पाहिजेत असं सांगतो. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली: १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तरीसुद्धा निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचं दिसलं. डॉक्टर कमी आहेत हे त्याचं एक कारण आहेच, लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. पण जे आहे तेसुद्धा वहिनीपर्यंत पोचलं नाही, ते डॉक्टर कमी आहेत म्हणून नव्हे.

मला हे का एवढं लागतं, ते सांगते. माझा धाकटा झाला तेव्हा आई व्हिसाच्या घोळात अडकली, येऊ शकली नाही. नवरा आठव्या दिवशी कामावर गेला. नोव्हेंबरचा महिना, चार वाजताच अंधार. मी बाळाला पाजायची, कपडे बदलायची, आणि मधल्या वेळात न्हाणीघराच्या फरशीवर नुसती बसून राहायची. कुणाला सांगण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं.

इथं बाळ झालं की हेल्थ व्हिजिटर घरी येते. प्रशिक्षित नर्स असते, तिला बोलवावं लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. सहा-आठ आठवड्यांच्या भेटीला ती आली, बाळाचं वजन केलं, लाल वहीत आकडा लिहिला. मग पेन खाली ठेवून तिनं दोन प्रश्न विचारले. गेल्या महिन्याभरात फार उदास, हताश वाटलं का? कशातच गोडी वाटत नाही असं झालं का? एवढेच. मी हो म्हणाले आणि रडायला लागले. तिनं घाई केली नाही. बाळ मांडीवर घेऊन बसली. जाताना तिनं समुपदेशनाच्या एका सेवेची माहिती लिहून दिली, जिथं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं. इंग्लंडमध्ये ही सेवा २००८ पासून आहे, आता तिला टॉकिंग थेरपीज म्हणतात. दुभाषा हवा असेल तर तोही मोफत.

माझं जे निस्तरलं, ते पुढच्या समुपदेशनानं. पण ते समुपदेशन मला मिळालं, ते उंबरा ओलांडून आलेल्या बाईनं विचारलं म्हणून.

आता सोलापूर बघा. तिथंही बाई घरी येते. आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर पहिल्या ४२ दिवसांत तिनं सहा वेळा घरी जायचं असतं. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो. शहरातल्या वस्त्यांतही ती फिरते. वहिनीच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर आलेल्या आशाताईला गल्लीतल्या प्रत्येक घराची हकिकत माहीत होती, कुणाचा नवरा पितो, कुणाची सून माहेरी जाऊन बसली आहे, सगळं. इथल्या नर्सला माझ्याबद्दल यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणजे जे उभं करायला या देशाला एवढा खर्च येतो, ते माणूस आपल्या दारात आधीच उभं आहे. तिनं बाळाचं वजन केलं, ताप बघितला. आईला "तुझं मन कसं आहे गं" हे तिनं विचारलं नाही, कारण ते तिचं काम आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं असेल तर मोबदल्यासह सांगावं. कामागणिक पैसे मिळणाऱ्या बायकांवर आणखी एक काम फुकट लादू नये, एवढी विनंती.

फुकट या शब्दाची आपल्याकडं एक अडचण आहे. फुकटचं म्हणजे हलकं, असं वहिनीलाही वाटत होतं. "पैशे घेतलं नाहीत म्हंजे औषध कसलं देणार?" इथलंही खरं तर फुकट नाही. माझ्या पगारातून दर महिन्याला कापून जातं, आणि व्हिसावर राहायला आलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना आरोग्यसेवेचा अधिभार म्हणून आता वर्षाला १,०३५ पौंड आधीच भरावे लागतात. सोलापुरातही सिव्हिल कराच्याच पैशांवर चालतं, काडेपेटी घेतली तरी वहिनी कर भरते. तिला मी हेच सांगितलं, की हे तुझंच आहे, घेताना मान खाली घालायची नाही.

आणि इथं सगळं सुरळीत आहे असं कुणी समजू नये. लहान मुलांच्या मानसोपचारासाठी इंग्लंडमध्ये महिनोन्महिने थांबावं लागतं, त्यावर इथल्या वर्तमानपत्रांत रोज लिहून येतं. आमच्या मराठी ओळखीतल्या कितीतरी जणी रिपोर्टमध्ये नोंद होईल, नोकरीत कळेल, या भीतीनं दारातली मदत परत पाठवतात. लाज विमानात बसून आपल्यासोबत येते.

वहिनीनं १४४१६ ला फोन केला तेव्हा मी दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओवर होते. तिला एकच शंका होती, बॅलन्स कापला तर? नाही कापला. पलीकडच्या बाईनं भावाची झोप, जेवण, मरण्याच्या गोष्टी करतात का, असं एकेक विचारलं. वहिनी आधी उभ्यानं बोलत होती, मग सुपाशेजारी बसली, मग पहिल्यांदाच तिचे हात थांबले. वीसेक मिनिटांनी तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "ह्येंचं विचारलं, मग माझंबी विचारलं की ओ." दोन दिवसांनी ती भावाला घेऊन ओपीडीत गेली.

सोलापूरची आणखी एक गोष्ट इथं बसून जास्त जाणवते. वहिनीचं मराठीत भागलं. पण तिच्या ब्रँचमधल्या बहुतेक बायका घरी तेलुगू बोलतात. शहरात कन्नड आहे, उर्दू आहे. बाजारहाट मराठीत होतो, मनातलं मात्र आईच्या भाषेतच येतं. टेलिमानसवर २० भाषा आहेत, त्यात या चारही आहेत. मग ओपीडीच्या पाट्या, माहितीचे कागद चारही भाषांत का नसावेत? आणि ते कागद दवाखान्याच्या भिंतीवर लावून काय उपयोग? जो दवाखान्यात पोचला त्याला पत्ता मिळालेलाच असतो. ते लावावेत विडीच्या ब्रँचमध्ये, जिथं बाई रोज माल द्यायला येते. मेडिकलच्या काउंटरवर, जिथं झोपेच्या गोळ्या मागायला माणूस येतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एक टेबल मांडावं, पण रक्तदाब तपासणीच्या शेजारी; एकट्या मानसिक आरोग्याच्या पाटीखाली कुणी फिरकणार नाही. त्याच कागदावर बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ हेही असावं, आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हेही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं मन नुसत्या गोळीनं बरं होत नाही, तिला वकीलही लागतो.

भाऊ बरा व्हायला सहा महिने लागले. मध्ये एकदा त्यानं गोळ्या सोडल्या, पुन्हा पडला, पुन्हा उठला. आता रातपाळी बंद करून दिवसपाळी घेतली आहे, पगार थोडा कमी झाला. अंगठी अजून सुटलेली नाही.

मागच्या महिन्यात व्हिडिओवर वहिनीच्या मागं भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं. दुधाच्या हिशोबाच्या वर तिनं बॉलपेननं १४४१६ लिहून ठेवलंय, गिरवून गिरवून जाड केलंय. मी विचारलं, अजून लागतो का नंबर? म्हणाली, "मला न्हाई ओ. ब्रँचमधल्या बायका मागतेत. परवा एकीला विड्याच्या पुड्याच्या कागदावर लिवून दिलं. तिला वाचता येत न्हाई, म्हणून मीच लावून दिला फोन, आन् बाहेर जाऊन उभी ऱ्हायले."