कमरेला पिस्तूल लावा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"रानात काम करणाऱ्यांनी कमरेला पिस्तूल ठेवा. परवाना नसला तरी चालतं, कलम 11 नुसार स्वसंरक्षणात जनावर मारणं गुन्हा नाही. अमेरिकेत सगळे ठेवतात. हवेत बार काढला तरी बिबट्या पळतो." हा मेसेज आपल्या सोलापूर जिल्ह्यात फिरतोय. माझा भाचा मोजणीच्या कामाला माळरानात एकटा हिंडतो. त्यानं मला विचारलं, "मामा, गावठी कट्टा कुठं मिळंल?" तेव्हा गप्प बसवेना.

परवान्याची थाप सगळ्यात घातक. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये कलम 11(2) आहे, खरं. जीव वाचवताना सद्हेतूनं जनावर मारलं तर तो गुन्हा नाही. पण ही सूट त्याच कायद्यापुरती. शस्त्र कायदा 1959 निराळा. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल नुसतं जवळ सापडलं तरी किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद. बिबट्या दिसलेला असो वा नसो! शिवाय जनावर अंगावर यायला हवं. नान्नज अभयारण्याच्या माळावरून आपल्या वाटेनं चाललेल्या लांडग्याला गोळी घातलीत तर ती शिकार. लांडगा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, शिक्षा 3 ते 7 वर्षं. पोरांना तुरुंगात धाडणारा हा सल्ला 'जनहितार्थ' म्हणून पुढं ढकलताना कुणालाच काही वाटत नाही?

अमेरिकेचं अर्धं खरं आहे. अलास्कात अस्वलांच्या भीतीनं लोक .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर किंवा 10 मिमी पिस्तूल, अशी जबर ताकदीची हत्यारं बाळगतात. तिथल्या 1883 ते 2009 मधल्या अस्वलाशी गाठ पडलेल्या 269 प्रसंगांचा अभ्यास अस्वलांचे संशोधक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये छापला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वापरलेल्या प्रसंगांत 84 टक्के वेळा अस्वल थांबलं, हे मानावं लागेल. पण त्याच अभ्यासात, जवळची बंदूक वापरली काय नि न वापरली काय, माणूस जखमी होण्यात वा दगावण्यात फरक निघाला नाही. आणि आपल्याकडं बिबट्या उसातून, बहुधा मागून येतो. पिस्तूल काढायला वेळ कोण देणार?

हवेतला बार: गोळी खाली येतेच, शेजारच्या वस्तीवर आली तर?

भीती खोटी नाही. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं तिघांचा जीव घेतला. त्याला टिपायला वन विभागाला आदेश काढून नेमबाज लावावे लागले, तरी कित्येक दिवस तो हाती लागला नाही. तिथं भाच्याचा कट्टा काय करणार होता?

त्याला सांगितलंय ते असं: एकटा जाऊ नको, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नको, अंधार पडायच्या आत निघ, बिबट्या दिसला तर 1926 वर वन विभागाला कळव. आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घाल. या माळावर रोजची गाठ घोणस नि फुरशाशी आहे.