पखवाजाची कणीक आणि इंद्रायणीचा फेस

मागच्या कार्तिकीला आळंदीला गेलो होतो. घाटाजवळ पाण्यावर फेस, लांबून बघितलं तर कुणी कापूस पिंजून टाकलाय असं वाटावं. पायरीवर बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा पखवाजाच्या डाव्या तोंडाची सुकलेली कणीक नखाने खरवडत होता आणि तुकडे नदीत टाकत होता. म्हटलं, माउली, मासे खातात का? म्हणाला, "पूर्वी खायचे म्हणे. आमचे महाराज टाकायचे, म्हणून आम्ही पण टाकतो." मग त्याने हाताने फेस बाजूला सारला, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि प्यायला. मी काहीच बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं, ते अजून सलतंय.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. आज तिथं लहानमोठ्या कितीतरी संस्था आहेत, मराठवाडा-विदर्भातली शेतकऱ्यांची पोरं येतात, पहाटे उठतात, हरिपाठ, ज्ञानेश्वरी, गाथा, पखवाज, चाली सगळं शिकतात आणि उद्या हीच पोरं गावोगावच्या सप्ताहात कीर्तनाला उभी राहणार. ग्रामसभेला किती माणसं येतात ते आपल्याला माहितीये, आणि काल्याच्या कीर्तनाला अख्खा गाव असतो, बाया, म्हातारी, शाळेतली पोरं सगळे. कीर्तनकाराचा शब्द गाव खाली पडू देत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की या पोरांना ज्ञानेश्वरीसोबत नदी पण शिकवा. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा उजनीतून पुढं पंढरपुरात जाऊन चंद्रभागा होते. म्हणजे माउलींच्या पायाशी जे पाण्यात पडतं ते विठोबाच्या दिशेनेच निघतं ना! फेस कशाने होतो तेही सांगा, शुद्ध न करता सोडलेलं घराघरातलं साबण-डिटर्जंटचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, ते बंधाऱ्यावरून पडताना घुसळलं जातं. तेरा वर्षांच्या पोराला हे कळायला अवघड नाही, पखवाजाचे बोल याच्यापेक्षा अवघड असतात.

हे काही परंपरेच्या बाहेरचं नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडून काढायचे आणि मग रात्री कीर्तन.

आणि पंजाब बघा. सुलतानपूर लोधीची काली बेईं नदी, गुरू नानकांशी जोडलेली, साधारण १६० किलोमीटर लांब, तिचा पार नाला झाला होता. २००० साली संत बलबीर सिंग सीचेवाल स्वतः पाण्यात उतरले, मागून कारसेवेला, म्हणजे श्रमदानाला, गावंच्या गावं आली, जलपर्णी काढली, गाळ काढला, घाट बांधले. नुसती सफाई करून थांबले नाहीत, गावाचं सांडपाणी खड्ड्यांतून गाळून, तळ्यात साठवून शेतीला द्यायची साधी पद्धत उभी केली. श्रद्धा होती म्हणून लोक आले, पण काम झालं ते पाण्याचं शास्त्र कळल्यामुळे. आपल्या नामदेवरायांची पदं ज्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्याच ग्रंथापुढं माथा टेकणारी ही माणसं. मग आपल्याला का जमू नये?

काही जण म्हणतील, प्रदूषण शहरं आणि कारखाने करणार आणि लेकरांच्या डोक्यावर कशाला ओझं? बरोबर आहे, सांडपाणी शुद्ध करणं हे पालिकेचं आणि कारखानदाराचंच काम, ते पोरांच्या झाडूने होणार नाही, आणि त्यांना त्या पाण्यात उतरवूही नये. पण हजार माणसांपुढं वीणा गळ्यात घालून उभा राहणारा मुलगा उद्या आकड्यासकट सांगेल की या पाण्यात ऑक्सिजन एवढाच उरलाय, तेव्हा ते ऐकणाऱ्यांत सरपंच असेल, आमदार असेल, कारखान्यातला सुपरवायझर पण असेल. पत्रकं काढून हे होत नाही, आम्ही काढून बघितलीत.

एका छोट्या संस्थेच्या महाराजांशी बोललोय. रविवारी दुपारी दोन तास द्यायला ते तयार आहेत. पाणी तपासायची दोन किट्स मी घेतोय. रसायनशास्त्र शिकवणारं कुणी पुणे-चाकण भागात असेल, महिन्यातून एक रविवार देऊ शकत असेल तर मला मेसेज करा, पोरं पंधरा आहेत आणि तो पखवाजवाला पण त्यातच आहे.